बूड न टेकणाऱ्या अक्का

"जीभ दाखवा, म्याडम."

सकाळी पावणेसात वाजता, दातही घासलेले नसताना, हातात टॉर्च घेऊन कुणी दारात उभं राहिलं आणि असं म्हणालं, तर माणसानं काय करावं? मी पहिल्या दिवशी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी भांडले. तिसऱ्या दिवशी गुपचूप जीभ बाहेर काढली. पुढची तीन वर्षं रोज काढत होते.

त्या माझ्या घरमालकीण; जिभेवरून माणसाची तब्येत कळते, असं त्यांचं मत. सोनपेठला बाजाररस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं. जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी नवी नवी नेमणूक झालेली. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायला लागले. त्यांच्या नवऱ्याला सगळे आप्पा म्हणत. बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं त्यांचं. दोन मुली, थोरली शिवलीला, धाकटी उमा. आणि या दोन्ही मुली शाळेत जात नव्हत्या! खोली घेताना हे कुणी मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी सामानाची पेटी तशीच उचलून परत गेले असते. मी शिक्षिका, दारोदार फिरून "पोरं शाळेत पाठवा" म्हणणारी, आणि राहायला कुठं, तर या घरात. मला कुणी विचारलं की मी विषय बदलायची.

मुलींना घरी का ठेवलं, हे मी अक्कांना पहिल्याच आठवड्यात विचारलं. माझ्या पोटात काही राहत नाही. अक्का तेव्हा भाकरी थापत होत्या, तीही उभ्यानं. चूल त्यांनी कंबरेइतक्या उंच कट्ट्यावर बांधून घेतली होती.

"शिवलीला पाचवीत हुती तवा एक दिस शाळंत बगायला गेले," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या रांगंत बसलेली. डोळे उघडे, पन पोरगी आत न्हाई. गुरुजीनं सातचा पाढा इचारला, हिला येईना. हाताला धरून घरी आनली. रस्त्यात चालता चालता म्हनलं, म्हन गं सातचा. घडाघडा म्हनली! आता चालताना येतंय अन् बसल्यावर येईना, मग चूक कुनाची?"

"पण अक्का, शाळेत बसावंच लागतं."

"पाच पाच घंटे? लोनच्याला बी मदी मदी हालवावं लागतंय, म्याडम. न्हाईतर बुरशी येती."

मी भाकरी खाल्ली आणि वर गेले. पण मनातून चिडलेलीच होते.

त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं: "बूड टेकलं की डोस्कं झोपतंय." आणि त्या स्वतः खरोखरच बूड टेकत नसत. जेवण उभ्यानं, निवडणं-टिपणं उभ्यानं, शेजारणींशी गप्पा उभ्यानं. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना वाढत राहायच्या आणि शेवटी ताट हातात घेऊन मांडवाच्या खांबाला टेकून जेवायच्या. एकदा आम्ही परभणीला निघालो होतो. एसटी अर्धी रिकामी. अक्का दांड्याला धरून उभ्या. कंडक्टर म्हणाला, "बसा ओ बाई, जागा हाय की." अक्का म्हणाल्या, "उभ्याचं तिकीट येगळं हाय का?" तो बिचारा पुढं निघून गेला. मी शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिले, जणू या बाईला मी ओळखतच नाही.

त्या प्रवासाचंही सांगते. परभणीहून बस बदलून आम्ही चारठाण्याला गेलो, जुनी देवळं बघायला. अक्कांच्या शाळेची ती सहल. तिथं एका देवळाभोवती त्या मुलींना घेऊन फिरायला लागल्या. पाच फेऱ्या झाल्या, दहा झाल्या. "हा कोन बगा. ह्या खांबाला किती बाजू? आता वरच्या बाजूला किती?" पायरीवर बसलेले एक म्हातारबाबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, "काय नवस बोललाय का बाईनं?" मी तोंड उघडायच्या आत अक्का लांबूनच ओरडल्या, "नवस न्हाई बाबा, भूमिती हाय!"

अशी सगळी शाळा पायावर. गच्चीवर एक फेरी म्हणजे एक पाढा. नदीपर्यंत इतिहास, परत येताना कविता. त्या माझ्या खोलीच्या दारावरून सतरा वेळा जायच्या, आणि मी आत बसून माझ्या वर्गाच्या वह्या तपासायची. लाल पेन हातात धरून दातओठ खायची. "अक्का, जरा दम घ्या!" मी ओरडायची. "दमच घ्यायलोय, म्याडम," बाहेरून उत्तर यायचं. "तुमी बी या. भायेर हवा हाय."

जून आला की अभ्यासक्रम निवडायचा. हा सोहळा बघण्यासारखा असायचा. राज्याची पुस्तकं, दिल्लीच्या बोर्डाची पुस्तकं, परभणीहून कुणाकडून तरी मागून आणलेली इंग्रजी शाळेची जाडजूड पुस्तकं, सगळी गच्चीवर ओळीनं मांडायची. मग अक्का एकेक पुस्तक हातात घेऊन, मोठ्यानं वाचत, चालायच्या. मागून दोघी मुली. वाचता वाचता अक्कांचा पाय अडखळला की ते पुस्तक बाद! "हे काई खरं न्हाई. ह्याच्या वाक्यात खड्डे हायत." आणि देवाशपथ सांगते, इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुस्तकं निवडायच्या ज्या बैठका पाहिल्या, त्यांपेक्षा ही रीत काही फार वाईट नव्हती.

पण निवडून झाल्यावर त्या जे करायच्या, ते बघून माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. पुस्तक फाडायच्या! पाठ सुटे करायच्या, दाभणानं आणि सुतळीनं एकेक पाठ वेगळा शिवायच्या, म्हणजे चालताना हाताला ओझं नको.

"अक्का, सरस्वती आहे ती!" मी अक्षरशः किंचाळले होते.

"सरस्वतीला बी हिंडायला वाहन हायच की," त्या दाभण ओढत म्हणाल्या.

आता मी नुसता रागच सांगत बसले, तर अन्याय होईल. मला एकदा ताप आला, आठ दिवस उतरेना. घरचं कुणी जवळ नव्हतं. अक्कांनी दवाखान्यात नेलं, औषधं आणली, दिवसातून तीनदा मुगाचं कढण वर आणलं आणि मी पिऊन होईपर्यंत खाटेशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "अक्का, बसा ना जरा." तर म्हणाल्या, "मी बसले की तुमी बी पडून ऱ्हाताल." चौथ्या दिवशी मला धरून गच्चीवर दोन फेऱ्या मारायला लावल्या. त्यांच्या खांद्यावर हात टाकून चालताना मला माझी आई आठवली आणि मी रडले. अक्कांना ते दिसलं असणार, पण त्यांनी जीभ बघायला टॉर्च काढला.

त्या बसायच्या फक्त एकदा. सकाळी आंघोळ झाल्यावर कपाळाला भस्म लावून, लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायच्या तेव्हा. शिवलीलाही शेजारी तशीच बसायची. मी एकदा पकडलं, "बघा, बसता की तुम्ही!" अक्का म्हणाल्या, "ते बसनं न्हाई. ते त्याला हातावर घेनं हाय." मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला लिंग परत गळ्यात आणि अक्का उभ्या.

हे असंच चाललं असतं. पण शिवलीलाला दहावीची परीक्षा द्यायची होती. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो मीच आणून दिला, मीच भरला. आप्पांनी सही केली. पण सही करून पेन खिशाला लावताना ते म्हणाले, "ही एक परीक्षा. पोरगी पास झाली तर उमा बी घरीच शिकंल, मी तोंडातनं शब्द काढनार न्हाई. नापास झाली तर जूनमदी दोघी बी परभणीला. वसतिगृहात घालतो."

आप्पा वाईट माणूस नव्हते. दुकानात रोज चार जण त्यांना विचारायचे, पोरी का घरात ठेवल्यात म्हणून. कुठवर ऐकून घेणार?

उमा जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिनं मला विचारलं, "म्याडम, वसतिगृहात गच्ची असती का?"

माझ्या मनात काळजी नव्हती. शिवलीला हुशार होती, आमच्या भागातल्या शाळांमधल्या कुठल्याही मुलीला भारी पडली असती. म्हणून दिवाळीनंतर मी सहज म्हणून जुनी मराठीची प्रश्नपत्रिका आणली, तिला माझ्या टेबलाशी बसवलं आणि तीन तास लावले.

पंधरा मिनिटांत पोरगी उठली.

खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. ओठ हलत होते. मी म्हटलं, मोठ्यानं बोल. आणि काय सांगू, उत्तरं अशी यायला लागली की मला लिहून घ्यावीशी वाटली! कवितेचा अर्थ तिनं इतका नीट सांगितला, की मी वर्गात कधी तसा सांगितला नसेल. मी म्हटलं, "आता हेच बसून लिही." ती बसली. पेन धरलं. बघत राहिली. कागदावर चार ओळी.

"म्याडम," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, "बसलं की मला काईच आठवंना."

मी तशीच जिना उतरले. अक्कांना सांगितलं. त्या उभ्यानं भाजी चिरत होत्या. जराही न गडबडता म्हणाल्या, "मग उभ्यानं लिवंल की. बोर्डाचं काय जातंय?"

आणि त्यांनी खरोखर अर्ज लिहिला. विषय: उभ्याने परीक्षा देण्यास परवानगी मिळणेबाबत. परीक्षा केंद्राच्या मुख्याध्यापकांकडे आम्ही तो घेऊन गेलो. त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"मुलीच्या पायाला काही झालंय का?"

"पायाला काई न्हाई सर. पाय चांगले हायत म्हनून तर."

"तसं असेल तर डॉक्टरांचा दाखला लागेल. काही आजार असेल तर वर विचारता येईल."

अक्का रस्ताभर बडबडत होत्या. "म्हंजे रोग असला की परवानगी. निरोगी लेकराला न्हाई. वा रे कायदा!" त्या पुढं पुढं चालल्या होत्या, मी मागून पळत होते. आणि मग बाजाररस्त्यावर, भर दुपारी, माझा बांध फुटला.

"कायद्याला कशाला बोलता?" मी ओरडले. "तुम्ही केलंय हे! सगळं शिकवलंत आणि एक गोष्ट शिकवली नाही. जगातली सगळी पोरं जे पहिलीत शिकतात ते! तुम्हाला बसवत नाही म्हणून पोरीला बसू दिलं नाहीत. तुमच्या पायांपायी पोरीचं वाटोळं केलंत!"

अक्का थांबल्या. तीन वर्षांत मी त्यांना उभं पाहिलं होतं, चालताना पाहिलं होतं, पण थांबलेलं पाहिलं नव्हतं. हात सुद्धा हलत नव्हते. मग वळल्या आणि हळूहळू घराकडं गेल्या. मला लगेच पश्चात्ताप झाला. पण तोंडातून गेलेलं थोडंच परत येतं? संध्याकाळी जेवायला बोलावलं नाही त्यांनी. मी चिवडा खाऊन झोपले.

सकाळी पावणेसातला दार वाजलं नाही. जीभ बघायला कुणी आलं नाही. मी खाली डोकावले तर देवघरापुढं मायलेकी समोरासमोर बसलेल्या. तळहातावर लिंग, नजर तिथंच. अक्कांचा उजवा गुडघा थडथड उडत होता. मी जिन्यातच उभी राहून घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली. पाच. सहाव्या मिनिटाला अक्का ताडकन उठल्या, "दूध!"

चुलीवर दूध नव्हतंच. शिवलीला इतकी हसली की तिला ठसका लागला. अक्का पण हसल्या, पण त्यांचे डोळे लाल होते. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "म्याडम, तुमी घड्याळ धरा. चार मिनटं जमतंय आमाला. रोज एक वाढवायचं."

आप्पा कुरकुरले. "ही पूजा हाय का परीक्षेची तालीम?" अक्का म्हणाल्या, "तुमी दुकानात गादीवर बसून त्याला इसरता. आमी त्याला हातावर घेऊन परीक्षा आठवायलोय. बरं कोन?" आप्पा चप्पल घालून निघून गेले.

पूजेची मिनिटं वाढली. मग पूजा झाली की लिंग गळ्यात, पण बसणं मोडायचं नाही. डावा हात तसाच मांडीवर उघडा ठेवायचा आणि उजव्या हातानं लिहायचं. ही युक्ती अक्कांची. समोर अक्का बसायच्या, त्यांचाही डावा तळहात उघडा. कुणी आधी उठलं तर दोघींचा दिवस वाया. बहुतेक वेळा अक्काच उठायच्या. फोन वाजला, मांजर आलं, उमा पडली. उमा पडलेली नसायची. ती बिचारी सांगायला यायची, "आई, मी पडले न्हाई." एकदा तर अक्का रडल्या, चिडून, लहान पोरीसारख्या. "अंगात मुंग्या फिरायल्यात म्याडम. जीव जाईल माझा." पण दुसऱ्या दिवशी परत बसल्या. महाशिवरात्रीला पाऊण तास झाला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोन तास दहा मिनिटं. तीन तास एकदाही झाले नव्हते.

पहिला पेपर मराठीचाच. मी रजा टाकली. शिवलीलाचा नंबर कोपऱ्यातल्या खोलीत खिडकीशी आला होता. शाळेच्या भिंतीबाहेर रस्त्याच्या पलीकडं एक छोटा पूल होता, त्याच्या कठड्यावरून ती खिडकी सरळ दिसायची. अक्कांनी आदल्या दिवशीच जाऊन ते बघून ठेवलं होतं. शिवलीलाला आत सोडताना म्हणाल्या, "मी तितं बसते. तू उठस्तोवर मी उठनार न्हाई. ध्यानात ठिव."

अकराला घंटा झाली. अक्का कठड्यावर बसल्या, डावा तळहात मांडीवर उघडा.

आणि मला बसवेना! एवढी वर्गावर "बसा रे खाली" म्हणणारी मी, त्या रस्त्यावर इकडून तिकडं, तिकडून इकडं चालत होते. चार ओळींचा तो कागद डोळ्यांपुढून हलत नव्हता. नापास झाली तर आप्पा शब्द फिरवणार नाहीत, आणि उमा मला परत गच्चीचं विचारील. साडेबारापर्यंत सावली सरकून गेली. अक्का उन्हात आल्या. मार्चातलं सोनपेठचं ऊन! मी म्हटलं, "अक्का, जरा सरका ना सावलीत."

"पोरगी सरकायलीय का?"

मी माझी ओढणी त्यांच्या डोक्यावर टाकली आणि परत चालायला लागले. खिडकीच्या आत अंधार, उन्हातून पोरगी दिसत नव्हती, तरी अक्कांची नजर खिडकीवर होती. घाम कानामागून गळ्यावर उतरत होता, तोही पुसला नाही. एकदा म्हणाल्या, "म्याडम, तुमी बसा बगू. तुमच्या चालन्यानं मला उठू वाटायलंय." मी बसले. दोन मिनिटांत परत उठले.

दोनला घंटा झाली. पोरं फाटकातून बाहेर सांडली. शिवलीला सगळ्यात शेवटी आली. मी धावले. "झाला?"

"झाला."

"सगळा? निबंध?"

"सगळा." मग ती आईकडं बघत, जरा घाबरत म्हणाली, "आई, तू दिसत हुतीस. दोनदा उठू वाटलं, तुज्याकडं बगितलं अन् बसले. पन शेवटाला पंधरा मिनटं ऱ्हायली अन् निबंध सुचंना झाला. मग मी उठले. सर म्हनले, बस. मी म्हनलं सर, कुटं जात न्हाई, इतंच उभं ऱ्हाऊन लिवते, न्हाईतर येनार न्हाई मला. त्यांनी बगितलं जरासं अन् लिव म्हनले. बाकावर वाकून लिवला."

अक्का उठायला गेल्या आणि उठताच येईना. पाय बधिर झालेले. जन्मभर न बसलेल्या बाईचे पाय तीन तासांत तिला ओळखेनासे झाले होते. एका बगलेत मी, एका बगलेत शिवलीला, असं आम्ही त्यांना उचललं, आणि घरापर्यंत अक्का पहिल्यांदाच आमच्यापेक्षा हळू चालल्या.

मे महिन्यात माझी बदली झाली, जिंतूरकडच्या एका गावी. निकाल लागला त्या दिवशी दुपारी अक्कांचा फोन आला.

"पास," अक्का म्हणाल्या. "सगळ्या इषयात. मराठीत जरा कमी हायत, असू द्या."

मी मटकन खुर्चीत बसले. "आणि आप्पा?"

"आप्पा दुकानात पेडे वाटायलेत. बोर्डाचा नंबर आपलाच आल्यावानी. उमा घरीच ऱ्हानार. तिला रोज एक घंटा बसवायचं ठरलंय, बाकी हिंडायचं." फोनमधून चपलांचा आवाज येत होता, गच्चीवरच्या फेऱ्यांचा. मग आवाज थांबला. "तुमी त्या दिशी रस्त्यात बोलला न्हवं का मला, म्याडम."

"अक्का, त्याचं मला अजून..."

"न्हाई न्हाई, ते ऱ्हाऊ द्या. ते खरंच बोलला तुमी. मला एकच गोष्ट अजून पटंना." अक्का खरोखरच हिरमुसल्या होत्या. "पोरगी पावनेदोनला उठली. मग मी त्या उनात पंधरा मिनटं उगंच बसले व्हय?"